गोळीबारात थांबणारा माणूस : रणांगणावरील मेडिकच्या धैर्याविषयी

क्षितिजपार (धागाकर्ता)

८ नोव्हेंबर १९६५ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील ‘वॉर झोन डी’ या जंगलभागात अमेरिकेच्या १७३व्या एअरबोर्न ब्रिगेडची एक तुकडी संख्येने मोठ्या आणि झाडीत दबा धरून बसलेल्या शत्रूच्या माऱ्यात सापडली. पहिल्याच फैरीत आघाडीच्या पथकातले जवळजवळ सगळे जवान ठार तरी झाले किंवा जखमी तरी. तुकडीबरोबरचे मेडिक, म्हणजे रणांगणावर जखमींवर उपचार करणारे सैनिक, लॉरेन्स जोएल त्यांच्यावर उपचार करून पुढच्या जखमींकडे निघाले, तोच त्यांच्या उजव्या पोटरीत गोळी शिरली. त्यांनी स्वतःची जखम स्वतः बांधली, काम करता यावे म्हणून मॉर्फिन टोचून घेतले आणि ते पुढे सरकले. नंतर दुसरी गोळी मांडीत रुतली. तेव्हा त्यांनी अंग फरपटत नेत आणखी १३ जणांवर उपचार केले, ते थेट जवळचे वैद्यकीय साहित्य संपेपर्यंत. एका जवानाच्या छातीला मोठी जखम झाली होती. तिच्यावर त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी लावली आणि तो माणूस वाचला. मार्च १९६७ मध्ये त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी माझे मन एकाच गोष्टीशी अडखळते. गोळ्यांच्या माऱ्यात धावायला धैर्य लागतेच, पण धावणाऱ्याला आपण हलतो आहोत, नेम चुकवतो आहोत एवढा तरी आधार असतो. मेडिकला मात्र जखमीपर्यंत पोचल्यावर थांबावे लागते. गुडघे टेकावे लागतात, दोन्ही हात दुसऱ्याच्या जखमेत गुंतवावे लागतात आणि कापड कापणे, रक्त नेमके कुठून येते आहे ते चाचपणे, पट्टी दाबून धरणे अशी कामे करावी लागतात, जी घाईने केली की हमखास बिघडतात. पळ, लप, अंग चोरून घे असे शरीर ओरडून सांगत असताना हाताची बोटे शांत ठेवायची, हे मला या साऱ्यातले सर्वांत कठीण काम वाटते, आणि शौर्याच्या कथा सांगताना नेमका तोच भाग आपण एका ओळीत उरकतो.

दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी मेडिक डेस्मंड डॉस यांचेच पाहा. ओकिनावा बेटावर १९४५ च्या मे महिन्यात माएदाच्या कड्यावरून त्यांनी एकेक जखमी दोराने खाली सोडला, ही हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. किती जण वाचवले याविषयी स्वतः डॉस ५० म्हणत, तर त्यांचे वरिष्ठ १०० म्हणत. शेवटी पदकाच्या मानपत्रात ७५ हा आकडा आला. परंतु त्याच मानपत्रात ५ मे रोजीचा एक छोटा उल्लेख आहे, जो मला त्या कड्याइतकाच मोठा वाटतो. तोफखान्याचा एक अधिकारी जखमी होऊन पडला होता. डॉस यांनी त्याला पट्ट्या बांधल्या, बंदुकीच्या गोळ्या पोचणार नाहीत अशा जागी हलवले आणि अगदी जवळ तोफांचे व उखळी तोफांचे गोळे पडत असताना त्याला रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा दिला. प्लाझ्मा देणे म्हणजे शीर शोधायची, सुई बसवायची, बाटली उंच धरायची आणि ती रिकामी होईपर्यंत तिथेच राहायचे. ती बाटली धरून बसण्याचे काही क्षण मला डोळ्यांसमोर आणता येतात, पण ते सहन कसे केले असतील हे मात्र उमगत नाही.

या विषयाशी ज्यांचा कामाच्या निमित्ताने संबंध आला आहे, त्यांनी कृपया लिहावे. हे धैर्य शिकवता येते का, की ते माणसात आधीपासूनच असावे लागते?

शुश्रूषा

मी अनेक वर्षे आपत्कालीन विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. माझ्यावर कधी कोणी गोळी झाडलेली नाही, त्यामुळे तुलना करण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्या प्लॅस्टिकच्या पिशवीविषयी मला लिहावेसे वाटते, कारण ती किती मोलाची होती हे वाचताना सहज लक्षात येत नाही.

छातीच्या भिंतीला आरपार भोक पडले की श्वास घेताना हवा नाकातोंडाऐवजी त्या भोकातून आत ओढली जाऊ लागते. ती हवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये साठते, फुप्फुस आक्रसते आणि माणूस शुद्धीवर असताना गुदमरू लागतो. जखमेतून बुडबुड्यांचा, ओल्या फुरफुरीसारखा आवाज येतो. एकदा ऐकला की तो विसरता येत नाही. अशा वेळी साध्या कापडी पट्टीतून हवा जातच राहते, म्हणून हवाबंद आवरण हवे असते. जोएल यांच्या मानपत्रात रक्त गोठावे म्हणून पिशवी लावली असे म्हटले आहे, आणि तो हेतू असेलही. पण अशा जखमेवर हवा न जाऊ देणारे काहीही बसवणे हा त्यामागचा दुसरा मोठा लाभ आहे. आज याच कामासाठी चिकट, झडप असलेली तयार आवरणे मिळतात. दोन वेळा गोळी लागलेला एक माणूस साहित्य संपत आले असताना अशी युक्ती शोधतो, याचा अर्थ त्याचे डोके अजून जखमीच्या शरीराचा विचार करत होते, स्वतःच्या नव्हे.

तटस्थ

धागा अतिशय चांगला आहे, तरी एक शंका मनापासून मांडतो. मेडिक जखमीकडे धावला आणि स्वतः मारला गेला, तर तुकडीने एक जवान गमावलाच, शिवाय पुढच्या सर्व जखमींचा आधारही गमावला. मग माऱ्यात धाव घेण्याला आपण सरसकट शौर्य म्हणावे का? ज्याच्यावर तीस-चाळीस जणांचे जीव अवलंबून आहेत, त्याने स्वतःला जपणे हेही कर्तव्यच नाही का? डॉस किंवा जोएल यांना उणे लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. जे तसेच धावले आणि पहिल्याच पावलाला पडले, त्यांची मानपत्रे लिहिली गेली नसावीत, एवढेच माझ्या मनात येते.

पट्टीबंध

तटस्थ यांची शंका अगदी रास्त आहे आणि आजचे सैनिकी वैद्यकशास्त्र तिच्याशी बव्हंशी सहमत आहे. मी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देतो आणि रणांगणातील उपचारपद्धतीचा अभ्यास मला त्यासाठीच करावा लागला.

१९९६ मध्ये अमेरिकेत या विषयावर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून ‘टॅक्टिकल कॉम्बॅट कॅज्युअल्टी केअर’ ही पद्धत उभी राहिली. तिचा गाभा असा की, रुग्णालयात जे योग्य ते गोळीबारात योग्य असेलच असे नाही. चांगला उपचार चुकीच्या क्षणी केला तर दोघेही मरतात. म्हणून उपचाराचे तीन टप्पे केले आहेत : प्रत्यक्ष माऱ्याखालचा, आडोशाला आल्यावरचा आणि जखमीला मागे नेतानाचा. पहिल्या टप्प्यात मेडिकने जवळजवळ काहीच करायचे नसते. शत्रूचा मारा दडपायचा, जखमीला शक्य असेल तर स्वतःच आडोशाकडे सरकायला आणि स्वतःची पट्टी स्वतः बांधायला ओरडून सांगायचे, आणि मांडीतून वा दंडातून जिवावर बेतणारे रक्त वाहत असेल तर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी दांडीने पिळून घट्ट करायचा पट्टा, आवळायचे. श्वासमार्ग, सलाइन, बाकीच्या जखमा, सारे नंतर.

हा एकच अपवाद का ठेवला, तर मांडीची मोठी धमनी तुटली की माणूस तीनेक मिनिटांतसुद्धा दगावू शकतो. आता ते आवळणे म्हणजे काय ते सांगतो, कारण क्षितिजपार यांनी म्हटलेले ‘थांबणे’ त्यात दिसते. पट्टा पायातून वर सरकवायचा. जखम नेमकी कुठे आहे हे पाहायला वेळ नसेल तर कपड्यांवरूनच, मांडीच्या अगदी वरच्या टोकाला. पट्टा हाताने शक्य तितका खेचून घ्यायचा, कारण तो सैल राहिला तर दांडी कितीही पिळली तरी उपयोग होत नाही. मग दांडी पिळायची. दुसऱ्या-तिसऱ्या पिळाला जखमी किंचाळतो, हात धरतो, सोड म्हणून विनवतो, क्वचित मारतोही. रक्त थांबेपर्यंत पिळत राहायचे, दांडी खाचेत अडकवायची आणि वेळ लिहून ठेवायची. हात रक्ताने निसरडे झालेले असतात, दांडी बोटांतून सुटते. प्रशिक्षणात मी हे शेकडो वेळा केले आहे आणि तरीही एकदा, नुसत्या कर्कश आवाजांच्या आणि धुराच्या सरावात, वेळ लिहायला साफ विसरलो. तो माझा खोटा जखमी होता. त्या चुकीने मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

म्हणून धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : धैर्य शिकवता येत नसेलही, पण हाताला इतके वळण लावता येते की भीतीने मन बधिर झाले तरी हात पुढची पायरी विसरत नाहीत. आणि तटस्थ यांना एवढेच सांगेन की, ‘आता नाही, अजून थांब’ हे स्वतःला बजावत आडोशाला पडून राहणे, आणि वीस हातांवर ओळखीचा आवाज आपल्याला हाका मारतो आहे, हे सोसायला धावण्यापेक्षा कमी धैर्य लागत नाही.

तटस्थ

पट्टीबंध, मनापासून आभार. शेवटच्या वाक्याने माझी शंका फिटली असे म्हणणार नाही, पण ती आता मला वेगळी दिसू लागली आहे.

क्षितिजपार

रक्तस्रावाविषयी थोडे आकडे देतो, म्हणजे पट्टीबंध यांच्या म्हणण्याचे वजन कळेल. ऑक्टोबर २००१ ते जून २०११ या काळात अमेरिकी सैन्यात लढाईच्या जखमांनी झालेल्या ४,५९६ मृत्यूंचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले ८७ टक्क्यांहून अधिक मृत्यू शल्यचिकित्सेच्या केंद्रात पोचण्याआधीच झाले होते. या आधीच दगावलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के जण वैद्यकीय दृष्ट्या कदाचित वाचू शकले असते, आणि त्या कदाचित वाचू शकणाऱ्यांपैकी जवळजवळ ९१ टक्क्यांच्या मृत्यूचे कारण रक्तस्राव होते. म्हणजे ज्याला खरोखर वाचवता येणे शक्य आहे, त्याचा जीव मोठ्या प्रमाणात त्या पहिल्या काही मिनिटांत, धुळीत गुडघे टेकलेल्या माणसाच्या हातात असतो. पुढची शस्त्रक्रिया कितीही उत्तम असली तरी ती जिवंत पोचलेल्यावरच होते.

जुनीपाने

या धाग्यावर पहिल्या महायुद्धाची आठवण काढली नाही तर काहीतरी राहून जाईल.

कॅप्टन नोएल शवास हे ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते आणि त्यांचा जुळा भाऊ ४०० मीटर धावले होते. ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रान्समधील गिलमाँ येथे त्यांनी दिवसभर उघड्यावर, शत्रूला दिसत असताना जखमींची सेवा केली आणि रात्री शत्रूच्या रेषेसमोरच्या जमिनीवर चार तास जखमी शोधत फिरले. दुसऱ्या दिवशी एका स्ट्रेचरवाहकासह त्यांनी गंभीर जखमीला ५०० यार्ड वाहून नेले आणि त्या वाटेतच त्यांच्या कुशीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वर्षभराने, ३१ जुलै १९१७ पासून बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत गंभीर जखमी होऊनही त्यांनी दोन दिवस आपली जागा सोडली नाही. ४ ऑगस्टला ते गेले. त्यांना दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर देण्यात आला. त्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते एकमेव, आणि त्यांच्या थडग्याच्या शिळेवर दोन क्रॉस कोरलेले आहेत.

दुसरे, लान्स कॉर्पोरल विल्यम कोल्टमन. हे डॉक्टरही नव्हते, स्ट्रेचर वाहणारे साधे शिपाई होते, आणि धर्मश्रद्धेमुळे शस्त्र वापरत नसत. ऑक्टोबर १९१८ मध्ये मॅनेक्विन हिल परिसरात माघार घेताना जखमी मागे राहिले आहेत असे कानावर येताच ते एकटे परत गेले, जखमा बांधल्या, तीन वेळा माणसे पाठीवर घेऊन आणली आणि सलग ४८ तास जखमींची सेवा केली. त्या युद्धात अधिकारी नसलेल्या ब्रिटिश सैनिकांमध्ये सर्वाधिक शौर्यपदके मिळवणारा हा माणूस एकही गोळी न झाडता लढला.

इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन जॉन सिंटन यांचेही नाव घ्यायला हवे. २१ जानेवारी १९१६ रोजी मेसोपोटेमियात, कूट येथे अडकलेल्या सैन्याच्या सुटकेसाठी चाललेल्या लढाईत, दोन्ही दंडांतून आणि कुशीतून गोळ्या गेल्या असताना त्यांनी रुग्णालयात जायला नकार दिला आणि उजेड होता तोवर उपचार केले. दोन्ही हात जखमी असताना दुसऱ्याची पट्टी बांधायची, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. पुढे त्यांनी हिवतापाच्या संशोधनाला आयुष्य वाहिले.

आणि भारतीय सैन्याची ६०वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ती १९५० च्या अखेरीस कोरियात उतरली. डिसेंबरमध्ये प्याँगयाँगमधून माघार घेण्याची वेळ आली तेव्हा वाहने नव्हती. शस्त्रक्रियेचे साहित्य टाकून जाणे त्यांना मान्य नव्हते, कारण साहित्याविना ती तुकडी कोणाच्याच उपयोगाची नव्हती. त्यांनी एक वाफेचे इंजिन शोधले, बादल्यांनी पाणी भरले आणि गाडी स्वतः चालवत बाहेर काढली. २३ मार्च १९५१ रोजी मुनसान-नी येथे अमेरिकी छत्रीधारी सैन्याबरोबर याच तुकडीतील पथकाने उडी घेतली. रंगराज यांना महावीर चक्र देण्यात आले.

पाऊलखुणा

एक साधा प्रश्न. मेडिकवर गोळी झाडणे कायद्याने मना आहे ना? मग त्याच्या दंडावरचा लाल क्रॉस त्याला वाचवत का नाही? आणि मेडिकला बंदूक बाळगता येते का?

पट्टीबंध

कायद्याने मनाच आहे. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून जखमींची सेवा करणाऱ्यांना संरक्षण आहे आणि १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराने ते अधिक स्पष्ट केले. त्याच करारानुसार वैद्यकीय सैनिक स्वतःच्या आणि आपल्या जखमींच्या बचावासाठी शस्त्र बाळगू शकतो. हल्ल्यात भाग घेतला तर मात्र त्याचे संरक्षण जाते. डॉस यांच्यासारखे अनेक जण स्वेच्छेने निःशस्त्र राहिले, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग होता.

प्रत्यक्षात ते चिन्ह दुरून दिसत नाही, तोफगोळ्याला तर ते वाचताच येत नाही आणि काही ठिकाणी त्याच्यावरच नेम धरला गेला. पॅसिफिकच्या लढायांत अमेरिकी मेडिकांनी याच कारणाने दंडावरचे पट्टे काढून टाकले. एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. करार आणि चिन्ह असूनही संरक्षण मिळेलच याची खात्री नाही, हे मेडिकला पुरते ठाऊक असते आणि तरीही तो जातो. २००६ च्या जून महिन्यात इराकमधील अल अमारा येथे १९ वर्षांच्या मिशेल नॉरिस या ब्रिटिश मेडिकने हेच केले. चिलखती वाहनाच्या कमांडरच्या तोंडाला गोळी लागली होती आणि आतून त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हते, म्हणून त्या बाहेर पडून, माऱ्यात, वाहनाच्या टपावर चढल्या. ब्रिटनचा मिलिटरी क्रॉस मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

शुश्रूषा

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक राहिलेली बाजू मांडते. आतापर्यंत आपण जीव वाचलेल्यांविषयी बोललो. पण एकाच वेळी सहा जण पडले असतील तर मेडिकला प्रथम निवडावे लागते. ज्याच्यावर उपचार केला तरी तो जगणार नाही, त्याला ओलांडून ज्याला वाचवता येईल त्याच्याकडे जावे लागते. रुग्णालयात आम्हीही हा क्रम लावतो, पण तिथे आम्ही अनेक जण असतो, वर डॉक्टर असतात, दिवा असतो, आणि ज्याच्यासाठी काही करता येत नाही त्याच्याजवळ निदान कोणीतरी हात धरून बसते. मेडिक तो निर्णय एकटा घेतो, आणि ज्याला ओलांडून जातो तो बहुधा त्याच्याबरोबर महिनोन्‌महिने जेवलेला, झोपलेला माणूस असतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सैनिकी परिचारकाने वाचवलेल्यांची संख्या मला कधीच सांगितली नाही. ज्याला ओलांडून ते पुढे गेले होते, त्याचे डोळे उघडे होते, एवढेच एकदा सांगितले आणि विषय बदलला. शौर्यपदकाच्या मानपत्रात या निर्णयाला जागा नसते, आणि माणूस मात्र तो उरलेले सारे आयुष्य वाहतो.

तटस्थ

शुश्रूषाताई, हे वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातला ‘सरसकट’ हा शब्द मी मागे घेतो.

क्षितिजपार

शुश्रूषा यांनी जे लिहिले त्याला जोडून जुनीपाने यांच्या प्रतिसादात राहिलेला एक तपशील नोंदवतो. गिलमाँच्या त्या दुसऱ्या रात्री, कुशीत जखम असताना, शवास २० स्वयंसेवकांना घेऊन पुन्हा पुढे गेले. शत्रूच्या खंदकापासून अवघ्या २५ यार्डांवरच्या एका खड्ड्यातून त्यांनी तीन जखमी बाहेर काढले. तेवढ्यावर परतता आले असते. जे गेलेले होते त्यांच्यासाठी वैद्यकीय असे काहीच करण्यासारखे नव्हते. तरी त्यांनी दोन अधिकाऱ्यांचे देह तिथेच पुरले आणि मग अंधारात एका देहापासून दुसऱ्या देहापर्यंत सरपटत जाऊन गळ्यातले ओळखीचे बिल्ले गोळा केले, म्हणजे कोण गेले ते तरी घरी कळवता येईल.